आकाशवाणी पुणे म्हणजे फक्त गीतरामायण नाही!

आकाशवाणी पुणेचा विषय निघाला की पुणेकर लगेच गीतरामायणावर येतो आणि तिथेच थांबतो. ते साहजिकच आहे म्हणा, पण त्या नादात बाकीचा इतिहास बाजूलाच पडतो, म्हणून जरा मागचं बघू.

पुणे केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1953 ला. म्हणजे मुंबईच्या बऱ्याच नंतर, तिथे तर 1927 मध्येच रेडिओ सुरू झाला होता. तेव्हा केंद्रात माहिती-प्रसारण मंत्री होते बा. वि. केसकर. त्यांना रेडिओवर सिनेसंगीत नकोच होतं, त्यात निर्मात्यांशीही वाजलं आणि फिल्मी गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ गायबच झाली. ती ऐकायला लोक सरळ श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावायला लागले. पण मला विचाराल तर मराठीचा यात फायदाच झाला, कारण मोकळी झालेली वेळ कशाने तरी भरायची होती आणि ती भरली भावगीत, भक्तिगीत, सुगम संगीताने.

गीतरामायण त्यातूनच आलं. केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी गदिमांना गळ घातली, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला पहिलं गाणं लागलं. वर्षभर दर आठवड्याला एक नवीन गाणं म्हणजे 52 व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून 56 झाली. पंचांगामुळे चार गाणी जास्त मिळाली आपल्याला!

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने याच केंद्रावरून एक प्रयोग झाला, पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली, प्रत्येक गावात एक मंडळ, आणि आठवड्यातून दोनदा शेती, आरोग्य, गावचे प्रश्न यावर अर्धा तास कार्यक्रम. तो सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा, मग चर्चा करायची, काय ठरलं, काय अडलं ते केंद्राला कळवायचं आणि पुढच्या कार्यक्रमात त्याची दखल घेतली जायची. म्हणजे नुसतं वरून भाषण ठोकणं नाही. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले, टाटा समाजविज्ञान संस्थेने रीतसर पाहणी केली, रिझल्ट चांगला आला आणि 1959 पासून ही योजना देशभर नेली. पुण्यात शिजलेली गोष्ट देशाने घेतली, आणि पुण्यालाच ती माहीत नाही, कमाल आहे. गंमत म्हणजे त्याच काळात केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर होते, 1955 ला लागलेले, गदिमांचे धाकटे भाऊ. थोरल्याचं रामायण गाजत होतं आणि धाकटा तिथेच गावाकडच्या कार्यक्रमांचं बघत होता.

पुढचं थोडक्यात. 1967 मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्यात मुंबई, नागपूरबरोबर पुणंही पहिल्या खेपेलाच होतं. नंतर प्रायव्हेट एफएम आले आणि तरुण पोरं तिकडे वळली ती वळलीच. तरी सकाळच्या बातम्या आणि सुधा नरवणेंचा आवाज अजून कित्येकांच्या कानात आहे. 2023 च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचं ठरलं, त्यावर एवढा ओरडा झाला की तो निर्णय लगेच थांबवावा लागला.