त्वरा आणि त्वरण

ठाण्याहून वाशीची लोकल सुटते तेव्हा डब्यातल्या वरच्या कड्या मागे झुकतात. गाडीने एकसारखा वेग धरला की सरळ लोंबतात. ऐरोलीला ब्रेक लागला की पुढे झेपावतात. गाडीचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, कधी आहे आणि कधी नाही, ते या कड्या बरोबर दाखवतात.

शब्द आला संस्कृत ‘त्वर्’ धातूवरून, म्हणजे घाई करणे. त्वरा, त्वरित, जुन्या पत्रांतलं ‘सत्वर कळवावे’ ही सगळी त्याचीच भावंडं. इंग्रजी ‘ॲक्सिलरेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘केलेर’ आहे. त्याचा अर्थ चपळ. दोन्हीकडे घाईच! म्हणून मुलांना वाटतं, गाडी जोरात म्हणजे त्वरण जास्त. पण घणसोलीनंतर सरळ रुळावर एकाच वेगाने धावणारी गाडी घ्या: वेग भरपूर, त्वरण शून्य. मराठीत याला ‘प्रवेग’ही म्हणतात. मला तो शब्द अधिक नेमका वाटतो, कारण त्यात निदान वेगाचं नाव तरी आहे.

असा घोळ गॅलिलिओलाही चुकला नव्हता. पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढतो, पण कशाच्या हिशेबाने? १६०४ मध्ये तो अंतराच्या हिशेबाने मांडत होता. त्याने उतरत्या पन्हळीतून गोळे सोडले आणि भांड्यातून गळलेलं पाणी तोलून वेळ मोजला. सारख्या वेळांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी वाढत गेली. वेग वाढत होता तो वेळेच्या हिशेबाने! १६३८ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने हे सविस्तर मांडलं. त्वरणाच्या एककात, ‘मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद’मध्ये, ‘सेकंद’ दोनदा येतो तो याचमुळे: दर सेकंदाला वेग किती मीटर प्रतिसेकंदाने बदलला.

समजा, लोकलने ३० सेकंदांत ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, वेग गाठला. त्वरण झालं ०.५. हातातून निसटलेल्या जेवणाच्या डब्याचं ९.८, जवळजवळ वीसपट. त्या ०.५ ने कड्या फक्त तीनेक अंश कलतात; उभ्या माणसाचा तोल जायला तेवढं पुरतं.

आणि वळण आलं की? वेगाचा काटा जागचा हलत नाही, तरी आपण बाजूच्या माणसावर रेलतो. वेगाला दिशाही असते. ती बदलली तरी ते त्वरणच.