थेंबातला स्फटिक: प्रोटीनचा की क्षाराचा?

प्रोटीनची रचना एक्स-रेने पाहायची तर आधी त्याचे स्फटिक वाढवावे लागतात. त्यासाठी १ मायक्रोलिटर प्रोटीन आणि १ मायक्रोलिटर प्लेटच्या विहिरीतलं (खळग्यातलं) द्रावण असा थेंब लावला, आठवड्याने सूक्ष्मदर्शकाखाली धारदार कडांचा लख्ख स्फटिक दिसला. तो जितका देखणा, तितका संशय जास्त घ्यावा. विशेषतः प्रोटीनचं बफर (आम्लता स्थिर राखणारं द्रावण) फॉस्फेटचं असेल आणि विहिरीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असेल, तर तो बहुधा क्षारच. (मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट म्हणजे मुतखड्याचाच एक प्रकार!) म्हणून प्रोटीन आधीच २० मिलिमोलर हेपेस किंवा ट्रिस या फॉस्फेट नसलेल्या बफरमध्ये आणावं. शंका उरलीच तर प्रोटीन न घालता नुसत्या बफरचा तसाच थेंब लावावा. त्यातही स्फटिक आले, तर प्रश्न मिटला.

सगळ्यात झटपट परीक्षा सुईची. क्षाराचा स्फटिक सुईखालून सटकतो, जोर दिला की कट्कन फुटतो आणि तो कट्ट बोटाला कळतो. प्रोटीनचा स्फटिक शिळ्या पेढ्यासारखा भुगा होऊन पसरतो. कारण त्यात साधारण २७ ते ६५ टक्के जागा द्रावणाचीच असते आणि रेणू एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात. उघड्यावर राहिला की तो तडकतो, क्षार मात्र ढिम्म. अर्थात स्फटिक एकच असेल तर सुई लावू नये.

त्याच पाण्याच्या वाटांतून मिथिलीन ब्लू हा निळा रंग आत शिरतो आणि तासाभरात प्रोटीनचा स्फटिक भोवतालच्या थेंबापेक्षा गडद निळा होतो. पण रेणूंची रचणी फार घट्ट असली तर रंग आत जात नाही, आणि विहिरीत क्षार भरपूर असला तर रंगाच्याच निळ्या सुया पडतात. अतिनील प्रकाशात प्रोटीन चमकतं ते मुख्यतः ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लामुळे. छोट्या डोमेनमध्ये (प्रोटीनच्या स्वतंत्र घडी घालणाऱ्या भागात) ते नसलं तर स्फटिक काळाच दिसतो, म्हणून लगेच फेकू नका. ध्रुवीकृत प्रकाशावर तर फारसा भरवसा नकोच: क्षार सहसा भडक रंग दाखवतात, पण साधं मीठ घन जातीचं, ते काहीच दाखवत नाही, आणि प्लास्टिकची प्लेट स्वतःच रंग दाखवते.

शेवटचा शब्द एक्स-रेचा. तांब्याच्या एक्स-रे किरणांत, १०० मिलिमीटरवर डिटेक्टर ठेवला तर लायसोझाइम या प्रोटीनचे ठिपके (चौकोनी जातीत एकक कोष, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा, ७९ आँगस्ट्रॉमचा) सुमारे २ मिलिमीटर अंतराने, बीमस्टॉपजवळूनच (मधला थेट किरण अडवणाऱ्या तुकड्याजवळूनच) दाटीने सुरू होतात. मिठाचा कोष ५.६४ आँगस्ट्रॉमचा. त्याचा पहिला ठिपका ३.२६ आँगस्ट्रॉमला, म्हणजे केंद्रापासून ५ सेंटीमीटरपर्यंत सगळं कोरं, मग मोजके भडक डाग.

स्फटिक पुरेसे असतील तर विहिरीच्या द्रावणात तीनदा धुऊन, विरघळवून जेलवर चालवा (तिथे प्रोटीनं आकारानुसार वेगळी होतात, लहान ती खाली). पट्टी आली पण अपेक्षेपेक्षा खाली, तर स्फटिक प्रोटीनचाच आहे. फक्त प्रोटीएजने (प्रोटीन कापणाऱ्या विकराने) लोंबती टोकं कापल्यावर उरलेल्या डोमेनचा. त्या तुकड्याचं वस्तुमान मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजा आणि पुढचं कन्स्ट्रक्ट (बनवायच्या प्रोटीनचा जनुक-तुकडा) तेवढंच क्लोन करा.