सुरक्षेच्या अटी आणि त्यांच्या स्वयंचलित चाचण्या

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मागणीपत्रांत ‘सॉफ्टवेअर सुरक्षित असावे’ असे एक वाक्य असते. त्यामागचा हेतू रास्त असला, तरी ते पाळले गेले की नाही हे कोणत्याही चाचणीने ठरवता येत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आम्ही आपल्याशी बोलून त्याची तपासता येतील अशा अटींमध्ये फोड करतो.

अटी लिहिण्यासाठी आम्ही ‘ईअर्स’ ही पद्धत वापरतो. रोल्स-रॉइस कंपनीत ॲलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली ही पद्धत २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणत्या परिस्थितीत, काय घडल्यावर प्रणालीने काय करायचे, हे तिच्यात ठरलेल्या क्रमाने लिहावे लागते. पतसंस्थेच्या ॲपसाठी एक अट अशी असेल : ‘लॉगिन केलेल्या सभासदाने दुसऱ्या सभासदाचा खातेउतारा मागितल्यास प्रणालीने तो नाकारावा आणि त्या प्रयत्नाची नोंद ठेवावी.’

या अटीला दिलेला क्रमांकच तिच्या चाचणीलाही दिला जातो. चाचणीसाठी दोन काल्पनिक सभासद तयार करून, पहिल्याच्या लॉगिनमधून दुसऱ्याचा खातेक्रमांक पाठवला जातो. सर्व्हरकडून ४०३ हे नकाराचे उत्तर आले का आणि लॉगमध्ये नोंद झाली का, या दोन्ही गोष्टी तपासल्या जातात. कोडमध्ये बदल झाला की ही चाचणी आपोआप चालते आणि ती नापास झाल्यास नवी आवृत्ती आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

‘झॅप’सारखे, सुरक्षेतील उणिवा आपोआप शोधणारे स्कॅनर आम्हीही चालवतो, पण ते कोणत्या खात्यावर कोणाचा हक्क आहे हे स्वतःहून ओळखू शकत नाहीत. सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ या संस्थेच्या २०२१ च्या जोखीमयादीत प्रवेश-नियंत्रणातील (कोणाला काय पाहता किंवा करता येईल यातील) त्रुटी पहिल्या क्रमांकावर होत्या, आणि नेमक्या याच त्रुटी शोधण्यासाठी लेखी अट लागते. पासवर्ड, सेशन यांसारख्या सर्वसाधारण बाबी आम्ही ओवॅस्पच्याच पडताळणी मानकातून घेतो. त्यासाठी आपला वेळ घेण्याचे कारण नाही. शाखा व्यवस्थापकाने, लेखापरीक्षकाने किंवा मयत सभासदाच्या वारसाने काय पाहावे, हे मात्र आपणच सांगू शकता.

पुढे संयुक्त खात्याची सोय हवी झाली, तर वरील अट बदलावी लागेल, कारण तेव्हा ‘दुसरा सभासद’ही त्या खात्याचा धारक असू शकेल. अशा वेळी क्रमांकावरून कोणत्या चाचण्या नव्याने लिहायच्या हे लगेच कळते. बदललेली अट आम्ही आधी आपल्याला वाचायला देतो आणि आपल्या लेखी संमतीनंतरच तिची चाचणी बदलतो.