वजनदार पैलवान आणि नाकातले जंतू

कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर एक समज अजून ऐकू येतो: अंगात वजन असलं की जंतू जवळ फिरकत नाहीत. हे खरं नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सुमारे 30 टक्के धडधाकट माणसांच्या नाकात, नाकपुडीच्या अगदी तोंडाशी, गुपचूप राहतो. उलट काही पाहण्यांत स्थूल माणसांत तो जास्त आढळला. पण म्हणून वजनानंच तो येतो असं सिद्ध होत नाही. आणि स्थूलपणा ठरवणाऱ्या बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणाऱ्या आकड्याला, पैलवानाचा स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही! नाकात जंतू असणं म्हणजे आजारही नव्हे. नाकातलं बोट लाल मातीत खरचटलेल्या कोपराला लागलं, तर मात्र गळू होऊ शकतं. पंचा प्रत्येकाचा वेगळाच ठेवा, पोरांनो.