फाइल सिस्टिममधील लेखन-कोडची पुनर्रचना

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइलवर माहिती लिहिण्याचे काम ज्या कोडकडे असते, त्याची अंतर्गत मांडणी बदलणे आणि तसे करताना बाहेरून दिसणारे त्याचे वर्तन जसेच्या तसे राखणे, याला लेखन-कोडची पुनर्रचना किंवा रीफॅक्टरिंग म्हणतात. वाचनाच्या कोडपेक्षा हे काम पुष्कळ जोखमीचे आहे. वाचन चुकले तर मूळ माहिती डिस्कवर शाबूत असते. लेखनातली चूक मात्र वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत दडून राहू शकते, आणि तोवर माहिती गेलेली असते.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एखाद्या प्रोग्रामने ‘राइट’ हा सिस्टिम कॉल (कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, केलेली विनंती) केला, की सामान्यतः फाइलच्या आयनोडचा (फाइलविषयीचा तपशील ठेवणाऱ्या नोंदीचा) लॉक, म्हणजे इतरांना थांबवून ठेवणारे कुलूप, घेतला जातो, फाइल ‘अपेंड’ पद्धतीने उघडलेली असल्यास लेखनाचे स्थान तिच्या शेवटी नेले जाते, आकाराच्या मर्यादा तपासल्या जातात, सेटयूआयडीसारखे (प्रोग्राम फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालवू देणारे) विशेषाधिकार काढून टाकले जातात, बदलाची वेळ नोंदवली जाते आणि त्यानंतर माहिती पेज कॅशमधील (फाइलींची माहिती मेमरीत ठेवणाऱ्या साठ्यातील) पानांत उतरवली जाते. ही पाने बहुतेक यंत्रांवर ४,०९६ बाइटांची असतात. ती ‘डर्टी’ (बदललेली, पण डिस्कवर न गेलेली) म्हणून चिन्हांकित होतात व डिस्कवर नंतर जातात. मूळ सेटिंगनुसार ३० सेकंदांहून जुनी झालेली पाने पार्श्वभूमीतील थ्रेड लिहून काढतात. कोड नीटनेटका करण्याच्या भरात यातील क्रम हलला, तर प्रोग्राम चालतच राहतो आणि दोष दिसत नाही. उदाहरणार्थ, फाइलचा शेवट कोठे आहे हे लॉक घेण्याआधीच ठरवले, तर एकाच फाइलच्या शेवटी लिहिणाऱ्या दोन प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) एकमेकींच्या नोंदी पुसू शकतात.

या क्षेत्रातील सर्वांत बोधप्रद उदाहरण २००८ साली आलेल्या लिनक्स २.६.२४ या आवृत्तीचे आहे. त्याआधी प्रत्येक पानासाठी ‘प्रिपेअर-राइट’ आणि ‘कमिट-राइट’ अशी दोन फंक्शने होती. पहिले फंक्शन पान तयार करी, मग प्रोग्रामच्या मेमरीतून माहिती त्यात उतरवली जाई. पण ही मेमरी म्हणजे त्याच फाइलचे एम-मॅप केलेले (प्रोग्रामच्या मेमरीत थेट जोडलेले) तेच पान असेल आणि ते त्या क्षणी प्रोग्रामला उपलब्ध नसेल, तर कर्नल स्वतःच धरून ठेवलेल्या लॉकची वाट पाहत अडकून पडे. यावर उपाय म्हणजे अशा वेळी उतरवणे अर्ध्यावर थांबवणे. परंतु नेमके किती बाइट उतरले हे ‘कमिट-राइट’ला सांगण्याची सोयच नव्हती. म्हणून ‘राइट-बिगिन’ आणि ‘राइट-एंड’ ही नवी जोडी आली, आणि ‘राइट-एंड’ला मागितलेली लांबी व प्रत्यक्ष उतरलेली लांबी अशा दोन्ही संख्या मिळू लागल्या. पुढे एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) कोडमधून घडलेला ‘आयोमॅप’ हा थर २०१६ मध्ये ४.८ या आवृत्तीत आला. डिस्कवरील जागेची चौकशी प्रत्येक पानामागे करण्याऐवजी तो सलग पट्ट्यासाठी एकदाच करतो. २०२२ मधील ५.१६ या आवृत्तीपासून सुट्या पानांच्या जागी ‘फोलिओ’ (एक किंवा अनेक सलग पानांचे गट) येऊ लागले.

असे बदल सर्व फाइल सिस्टिमना एका दिवसात लागू करता येत नाहीत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने १,५०० व्होल्टची एकदिश वीज सोडून २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज टप्प्याटप्प्याने स्वीकारली, तेव्हा दोन्ही विजांवर धावणाऱ्या लोकल वापराव्या लागल्या. त्याचप्रमाणे कर्नलमध्ये जुनी व नवी फंक्शने काही काळ शेजारी शेजारी नांदतात आणि शेवटची फाइल सिस्टिम नव्या मार्गावर आल्यावरच जुनी काढून टाकली जातात.

त्रुटी कळवण्याची वाट हा पुनर्रचनेतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ‘राइट’ यशस्वी झाल्यानंतर डिस्कने माहिती नाकारली, तर ते प्रोग्रामला ‘एफसिंक’ (माहिती डिस्कवर पोचवून घेण्याचा सिस्टिम कॉल) केल्यावरच कळू शकते. पूर्वी ही त्रुटी पहिल्या विचारणाऱ्याला सांगितली, की तिची खूण पुसली जाई आणि इतर प्रोसेस अंधारात राहत. २०१७ मधील ४.१३ या आवृत्तीपासून ती फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळण्याची व्यवस्था झाली. हा वर्तनातील बदल आहे, पुनर्रचना नव्हे. आणि असे बदल वेगळ्या पॅचमध्येच (कोडमधील बदलांच्या स्वतंत्र संचातच) ठेवले पाहिजेत. फोर्टपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंतच्या बँका आणि शेअर बाजार ज्या प्रकारच्या डेटाबेसवर विसंबतात, ते व्यवहाराची नोंद लॉगमध्ये पक्की झाल्यावरच व्यवहार पूर्ण झाल्याचे सांगतात. तेथे ‘एफसिंक’चे खोटे यश म्हणजे खातेदाराला झाला म्हणून सांगितलेला, पण कोठेही न नोंदलेला व्यवहार.

प्रत्यक्ष काम छोट्या पॅचच्या मालिकेने होते. प्रत्येक पॅचनंतर कोडपासून कर्नल तयार करता व चालवता आला पाहिजे, म्हणजे पुढे दोष आढळल्यास मधोमध विभागत जाऊन तो आणणारा पॅच शोधता येतो. पडताळणीसाठी ‘एक्सएफएसटेस्ट्स’ हा चाचणीसंच वापरतात. नावात एक्सएफएस असले तरी तो एक्स्ट-४, बीटीआरएफएस आदी फाइल सिस्टिमनाही लागू पडतो. डिस्क भरणे, कोटा संपणे व अर्धवट लेखन या स्थिती त्यात मुद्दाम घडवल्या जातात, तर वीज जाण्याचा प्रसंग उभा करण्यासाठी डिस्कवरचे प्रत्येक लेखन क्रमाने नोंदवून, हव्या त्या टप्प्यावर थांबवून फाइल सिस्टिम पुन्हा माउंट केली (वापरासाठी जोडली) जाते.