गुड बिहेव्हिअर गेम

वर्गात गोंधळ घालणाऱ्या किंवा अभ्यासात मन न लागणाऱ्या मुलांना गटाच्या आधाराने कामात गुंतवण्याची प्राथमिक शाळांतील एक वर्गव्यवस्थापन पद्धत. शिक्षक वर्गाचे दोन किंवा अधिक गट पाडतात आणि मोजके नियम आधीच समजावून सांगतात. ठरलेल्या वेळात गटातील कोणीही नियम मोडला, की फळ्यावर त्या गटापुढे एक खूण केली जाते. खुणा ठरावीक मर्यादेत राहिल्यास गट जिंकतो व त्याला छोटीशी सवलत किंवा बक्षीस मिळते. सर्व गट मर्यादेत राहिले तर सर्वच जिंकतात, त्यामुळे ही स्पर्धा वरून वाटते तितकी चुरशीची नसते. या खेळासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. नेहमीचा पाठ चालू असतानाच तो खेळला जातो.

हॅरिएट बॅरिश, म्युरिअल सॉन्डर्स व माँट्रोज वुल्फ यांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात या पद्धतीचा पहिला प्रयोग केला आणि तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. इयत्ता चौथीच्या या वर्गात २४ मुले होती आणि त्यांपैकी सात जणांना गैरवर्तनाबद्दल अनेकदा मुख्याध्यापकांकडे पाठवले गेले होते. गणिताच्या तासाला, निरीक्षणासाठी पाडलेल्या कालखंडांपैकी सुमारे ९६ टक्क्यांत परवानगीशिवाय बोलणे आणि ८२ टक्क्यांत जागा सोडणे आढळत होते. खेळ सुरू झाल्यावर ही प्रमाणे अनुक्रमे १९ व ९ टक्क्यांपर्यंत उतरली. खेळ थांबवताच गोंधळ परत वाढला, वाचनाच्या तासाला खेळ सुरू करताच तिथला गोंधळ कमी झाला. यावरून हा बदल खेळामुळेच घडतो, हे दाखवता आले. बक्षिसे साधी होती : विजयाची पट्टी लावणे, तक्त्यावर नावापुढे चांदणी, जेवणाच्या रांगेत पहिला मान आणि दिवसाच्या शेवटी अर्ध्या तासाचा मोकळा वेळ.

याच प्रयोगातील एक प्रसंग आकड्यांपेक्षा अधिक बोलका आहे. एका गटातील दोघांनी आपण खेळणार नाही असे जाहीर केले आणि त्यांच्यामुळे गटाच्या खुणा वाढू लागल्या. तेव्हा शिक्षिकेने त्या दोघांचाच निराळा गट केला, म्हणजे त्यांच्या वागण्याचा भुर्दंड इतरांवर पडणे थांबले. पुढे ही तजवीज पद्धतीचा भाग बनली. सर्वांत अवघड मूल खेळाबाहेरच राहू पाहते, हा पद्धतीचा खरा कच्चा दुवा आहे आणि तो केवळ बक्षीस वाढवून सांधला जात नाही.

खेळामागील विचार वर्तनविश्लेषण, म्हणजे वागण्याच्या परिणामांवरून ते वागणे का टिकते हे पाहणाऱ्या मानसशास्त्राच्या शाखेतून आला आहे. पुष्कळ मुलांना गोंधळ केल्यावर शिक्षकांचे रागावणे आणि सोबत्यांचे हसणे मिळते, आणि हेच लक्ष वेधले जाणे त्या वर्तनाला खतपाणी घालते. काही मुले नको असलेले काम टाळण्यासाठी गोंधळ करतात. मुख्याध्यापकांकडे रवानगी ही अशा मुलाच्या दृष्टीने सुटकाच ठरते. खेळात शिक्षकांनी आवाज न चढवता काय चुकले ते थोडक्यात सांगून खूण करावी व पाठ पुढे न्यावा, अशी अपेक्षा असते. सोबत्यांचे हसू त्यांच्याच गटाला महाग पडत असल्याने तेही आटते. म्हणून मुलांचे वागणे बदलण्याआधी शिक्षकांच्या प्रतिसादाची घडी बदलावी लागते. आपल्याकडे शिक्षक वर्गाबाहेर गेले की मॉनिटर बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो, त्याच्याशी या पद्धतीचे साम्य वरवरचे आहे : तिथे मुलाच्या नावाचा बभ्रा होतो, शांत बसणाऱ्याच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही.

मनोविकारतज्ज्ञ शेपर्ड केलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५-८६ पासून अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील १९ शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गांवर याचा मोठा अभ्यास केला. तिथे गट पाडताना मुलगे-मुली आणि शांत-आक्रमक मुले यांचा समतोल राखला गेला. आरंभी दहा मिनिटांचे डाव आठवड्यातून तीनदा होत; पुढे ते लांबवले गेले, पूर्वसूचना न देता खेळवले गेले आणि बक्षीसही लगेच न देता उशिरा दिले जाऊ लागले. हीच मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, लहानपणी विशेष आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये अमली पदार्थांची व्यसने आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकार यांचे प्रमाण खेळ न खेळलेल्या तशाच मुलग्यांपेक्षा कमी आढळले. पहिली-दुसरीतल्या वर्गव्यवस्थेचा परिणाम इतका दूरवर पोहोचल्याचे दाखवणारे अभ्यास विरळाच.

सुदान आणि नेदरलँड्समध्येही या पद्धतीचे प्रयोग झाले. इंग्लंडमधील ७७ प्राथमिक शाळांत झालेल्या चाचणीत मात्र (अहवाल २०१८) मुलांच्या वाचनात सुधारणा दिसली नाही. हे अनपेक्षित मानण्याचे कारण नाही. शांत वर्ग अध्यापनाला अवकाश देतो, पण त्या अवकाशात काय शिकवले जाते हा वेगळा प्रश्न आहे. एकाच्या चुकीचा भार गटावर टाकण्याला आणि त्यातून सोबत्यांचा दबाव निर्माण होण्याला शिक्षणक्षेत्रातून आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी नियमभंगाऐवजी नियमपालनाची खूण केली जाते. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. त्यामुळे हरलेल्या गटाची चेष्टा होऊ देणारा खेळ इथल्या शाळेत चालवता येणार नाही आणि नियमपालनाची खूण करणारा प्रकारच इथे अधिक सोयीचा ठरेल.