पार्श्वभूमी : शाळेतलं मूल आणि त्याचं मन

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव चढलं. ती शाळा म्हणजे आजचं राजवाड्यातलं प्रतापसिंह हायस्कूल. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. साताऱ्याच्या त्या शाळकरी दिवसांतले तपशील मात्र समारंभात फारसे ऐकू येत नाहीत. वर्गात वेगळं बसायचं, तेही घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर. संध्याकाळी तो तुकडा परत घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी नाही. याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी या मुलाला देत. पुढे बाबासाहेबांनी ती आठवण स्वतः सांगितली आणि त्या भाकरीची गोडी काही औरच होती, असंही सांगितलं.

मुलांचं भावनिक आरोग्य हा विषय निघाला की हल्ली परदेशी अभ्यासक्रमांची नावं पुढे येतात. त्यांच्याकडे वळण्याआधी साताऱ्याचं हे तरट आणि ही भाकरी आठवायला हवी. मूल वर्गात कुठे बसतं, कुणाबरोबर जेवतं, त्याच्याकडे कोण पाहतं, यातून त्याचं मन घडतं किंवा मोडतं. आपल्या सातारा-सांगली भागातल्या चांगल्या शाळांनी हे पुस्तकात येण्याआधीच ओळखलं होतं.

त्याहीआधी, आज सातारा जिल्ह्यात असलेल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांसोबत पुण्यात शाळा चालवल्या. तिथल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आपलं दुःख शब्दांत मांडता येणं याला आज आपण कौशल्य म्हणतो. त्या शाळेत एका मुलीला ते आलं, कारण तिचं म्हणणं ऐकून घेणारं कुणी तरी समोर होतं.

या प्रवासात सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते कर्मवीर भाऊराव पाटलांपाशी. 1910 च्या सुमारास आजच्या सांगली जिल्ह्यातल्या दुधगावात त्यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थी आश्रम सुरू केला. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 मध्ये काम साताऱ्याला आलं आणि तिथे वसतिगृह उभं राहिलं. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसत. वाडीवस्तीवरून आलेल्या, आई-बापापासून पहिल्यांदाच दुरावलेल्या पोराला तिथे अण्णा, म्हणजे भाऊराव, होते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनी होत्या. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा वहिनींनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला ती मुलांच्या बाजूने वाचावीशी वाटते. आपण उपाशी झोपू नये म्हणून कुणी तरी धडपडतंय, हे त्या पोरांना रोज दिसत होतं. कष्ट करून शिकण्याच्या रिवाजाने त्यांचा स्वाभिमानही शाबूत ठेवला. पोटात अन्न, पाठीशी माणूस आणि हाताला काम या तीन गोष्टींवर मुलाचं मन उभं राहतं, हे त्या बोर्डिंगात वेगळं शिकवावं लागलं नाही.

औंध संस्थानाची वाट वेगळी होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले आणि 1928 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तकही काढलं. शरीर घडलं की मनाला शिस्त येते, हा त्यांचा विश्वास. त्यात तथ्य आहे, पण हमसून रडणाऱ्या मुलाला नुसते नमस्कार पुरत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर हा विषय 'मूल्यं' या नावाने आला. कोठारी आयोगाने (1964-66) शाळेत नैतिक, सामाजिक मूल्यांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मूल्यशिक्षण आलं आणि वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा अशी दहा मूल्यं परिपाठात बसली. त्या यादीत संवेदनशीलताही होती. फळ्यावर सुविचार, रांगेत प्रतिज्ञा, मग एखादी बोधकथा. हा परिपाठ ज्यांनी अनुभवला त्यांना त्याची गोडी ठाऊक आहे. त्याची उणीवही स्पष्ट दिसते. मुलाने कसं वागावं हे परिपाठ सांगत होता, मूल कसं आहे हे विचारत नव्हता.

तो प्रश्न जगात त्याच दशकात विचारला जात होता. 1990 मध्ये अमेरिकेत पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली. 1994 मध्ये तिथे सामाजिक-भावनिक शिक्षणासाठी कासेल ही संस्था निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने शाळांसाठी दहा जीवनकौशल्यं सांगितली. स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणं, ताण आणि भावना हाताळणं ही त्यांपैकी काही. यातलं खरं नवं काय, तर राग, लाज, भीती यांना नाव देणं. 'मला राग आलाय' असं म्हणता येणारं मूल लगेच हात उगारत नाही.

भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली. पालकांनीच 'फोडून काढा गुरुजी' म्हणायच्या आपल्या भागात हा मोठाच बदल होता. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या शाळांत 'मूल्यवर्धन' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात मुलं जोडीने, गटाने बोलत शिकतात. 2018 मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांत आठवीपर्यंत आनंदाचा रोजचा तास आला. 2020 मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांवर आरोग्यदूताची जबाबदारी टाकली आणि भावनिक आरोग्य हा त्यातला एक विषय ठरवला. इकडे साताऱ्यात 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीबरोबरच मानसिक आरोग्यावर काम करत होती. मनाने खचलेल्याला पहिला आधार देणारा 'मानसमित्र' तिने तयार केला.

ही गरज आपल्याला खरी उमगली ती पुरात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं आणि पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. शाळांमध्ये माणसं राहिली. पाणी ओसरल्यावर चिखल काढला, वह्या-दप्तरं वाटली आणि वर्ग भरले. मग कोरोनात शाळा बंद झाल्या आणि 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. दोन वर्षांत इतकं पाहिलेल्या मुलांपुढे आपण लगेच चाचणीच्या प्रश्नपत्रिका ठेवल्या, याची खंत वाटते.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, अशी त्यातली एक सूचना आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं सांगितलं आहे. जावळी, पाटण, शिराळ्याच्या डोंगरवाड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा द्विशिक्षकी आहेत, पटही शंभराच्या बराच आत. तज्ज्ञाला भेटायचं तर सातारा, कराड किंवा सांगली गाठायची, आणि एसटीच्या वेळा ठरलेल्या. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या हे सगळं त्या दोन गुरुजी-बाईंकडेच असतं. आज कोण गप्प बसलंय, कुणी डबा उघडलाच नाही, हेही पहिल्यांदा त्यांनाच दिसतं.